दाढेच्या सुईचा मूळपुरुष

बोईसरला दाढ काढायला गेलं की डॉक्टर सुई भरण्याआधी विचारतात, "बीपी आहे का? छातीत धडधडतं का?" कारण त्या सुईत लिग्नोकेनबरोबर बहुधा ॲड्रेनालिनही असतं, ८०,००० भागांत एक भाग. लिग्नोकेन हिरडी बधिर करतं. ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून रक्त कमी जातं आणि बधिरपणा टिकतो. बधिर करणाऱ्या औषधांच्या कुळाचा मूळपुरुष ही दोन्ही कामं एकटाच करायचा. तो म्हणजे कोकेन.

१८६० मध्ये आल्बर्ट नीमान यांनी कोकाच्या पानांतून ते वेगळं काढलं. १८८४ मध्ये व्हिएन्नातले तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी आधी बेडकाच्या, मग स्वतःच्या डोळ्यात त्याचे थेंब घातले आणि टाचणीचं डोकं बुबुळाला लावून पाहिलं. काहीच कळलं नाही! हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेला जायलाही त्यांच्याकडे पैसे नव्हते; त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचला.

पण शस्त्रक्रियेत हवासा वाटणारा कोकेनचा रक्तवाहिन्या आवळण्याचा गुण हृदयाच्या जिवावर उठतो. मज्जातंतूंच्या टोकांतून सुटलेलं नॉरॲड्रेनालिन कोकेन परत शोषू देत नाही. ते साचतं, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आकसतात. रक्तही लवकर गोठतं. १९९९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, कोकेन घेतल्यावर पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २४ पट आढळला. धमन्या स्वच्छ असलेल्या तरुणांनाही झटका येतो, हे मला सगळ्यांत भयंकर वाटतं.

मग रसायनतज्ज्ञांनी एक गुण ठेवला, दुसरा टाकला. १९०५ च्या सुमारास आलेलं आइनहॉर्न यांचं प्रोकेन वाहिन्या उलट सैल करायचं, म्हणून त्याला ॲड्रेनालिनची मोजकी जोड लागली. १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन घडवलं. रचना निराळी, काम तेच.

आज बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनतो. कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. पण याच पालघर जिल्ह्यात, नालासोपाऱ्यात, ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी ७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन हे नशेचं द्रव्य जप्त केलं. हे 'एमडी' दुसऱ्या कुळातलं, पण हृदयावरचा मारा कोकेनच्याच जातीचा. म्हणून छातीत कळ आलेल्या पोराने काय घेतलंय ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. कोकेन घेतलेल्याला बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध, दिलं तर धमन्या आणखी आवळू शकतात. त्याला आधी शांत करणारी औषधं आणि नायट्रोग्लिसरीन देतात.