अग्निरोधक पोशाखाचा दाखला

मोटारशर्यतीत उतरणाऱ्या चालकाचा पोशाख आगीत किती क्षण तग धरील, हा प्रश्न कोणत्याही संस्थेच्या दप्तरात शिरण्यापूर्वी कित्येक वर्षे चालक त्याचे उत्तर आपापल्या परीने देत असत. साधा सुती पोशाख टाकणखाराच्या द्रावणात भिजवून वाळवावयाचा, आणि धुण्याने त्याचा गुण उतरला की पुन्हा भिजवावयाचा. 1964 च्या मे महिन्यात अमेरिकेत या व्यवस्थेचा दुबळेपणा उघडा पडला. 24 तारखेला शार्लट येथे फायरबॉल रॉबर्ट्सची मोटार पेटली. दम्यामुळे ते द्रावण त्याला सोसत नसे, म्हणून तो साध्याच कपड्यांत होता असे सांगतात. 30 तारखेला इंडियानापोलिसला दुसऱ्याच फेरीत भडका उडून एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनल्ड दगावले, आणि 2 जुलैला रॉबर्ट्सही गेला.

त्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपॉन्ट कंपनीचा नोमेक्स धागा शर्यतींत रूढ होऊ लागला. हा धागा वितळून कातडीला चिकटत नाही. ज्वाळेत तो काळवंडतो, फुगतो आणि उष्णतेच्या आड जाड थर होऊन उभा राहतो. बिल सिम्पसन या निर्मात्याने तर आपल्या मालाची खातरी पटविण्यासाठी तो अंगावर चढवून स्वतःस पेटवून घेतले. त्या धैर्याविषयी मला नितांत आदर वाटतो. तथापि दुसऱ्या कारखान्याचा पोशाख तितकाच टिकेल, याचा निर्वाळा त्यातून कसा मिळावा?

तो मिळाला सेकंद मोजण्याच्या रीतीतून. अमेरिकेतील एस.एफ.आय. संस्थेच्या 3.2ए या मानकात कापडाआडच्या त्वचेला दुसऱ्या श्रेणीचा दाह होण्यास लागणारा अवधी पाहतात: पहिल्या पायरीस सुमारे 3 सेकंद, पाचवीस सुमारे 10. फिया या आंतरराष्ट्रीय महासंघाने 8856-2000 आणि पुढे अधिक कडक असे 8856-2018 हे मानक लागू केले. 2020 मध्ये बहरीनला रोमेन ग्रोजाँ सुमारे 28 सेकंद ज्वाळांत राहून जिवंत बाहेर आला. भाजले ते मुख्यतः त्याचे हात.

म्हणूनच शर्यतीपूर्वी तपासनीस पोशाखाची गळपट्टी उलगडून पाहतो. तेथे मानकाचा क्रमांक, निर्मात्याचे नाव आणि मान्यतेचा क्रमांक असतो, व तो महासंघाच्या यादीशी ताडून पाहता येतो. पण एवढ्याने काम संपत नाही. पोशाखाचे सामर्थ्य कापडाच्या थरांमध्ये कोंडलेल्या हवेतही असल्यामुळे तो अंगाला घट्ट बसता कामा नये, आणि पुरस्कर्त्यांची नावे थेट पोशाखावर भरावयाची असतील, तर टाके केवळ सर्वांत वरच्या थरातूनच जावेत, असा नियम आहे.