बोयांची रांग

बंदरांच्या प्रतिकृती बनवण्यात माझी सगळी नोकरी गेली. सिमेंटचं कुंड, एका टोकाला लाटा उठवणारी फळी, दुसऱ्या टोकाला दगडांचा उतार. तो उतार नीट रचला नाही तर लाट भिंतीवर आपटून परत येते आणि दिवसभराची मोजमापं वाया जातात. म्हणूनच नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या शेल बुदाल आणि योहानेस फाल्नेस या संशोधकांचं म्हणणं मला वाचताक्षणी पटलं. लाटेतली ऊर्जा घेणारा बोया डुलताना स्वतःही लाटा उठवतो. त्या लाटांनी आलेली लाट खोडली, तरच ऊर्जा हाती लागते.

1973च्या तेलसंकटानंतर लाटांपासून ऊर्जा मिळवण्याच्या या विषयाला जोर आला. एडिंबरोच्या स्टीफन सॉल्टरनी 1974 साली लाटांवर डुलून ऊर्जा घेणारं आपलं ‘बदक’ मांडलं. अशी बदकं एका लांब कण्यावर ओळीने बसवायची होती. मांडणीचं गणित मात्र बुदालनी 1977 साली केलं. आठ सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे 100 मीटर लांब असते. वरखाली डुलणारा गोल बोया, मग तो पाचच मीटर रुंद का असेना, तत्त्वतः 16 मीटर पट्ट्यातली ऊर्जा ओढू शकतो. म्हणजे शेजाऱ्याच्या पानात हात गेलाच! अंतर जमलं तर दहा बोये दहापेक्षा जास्त देतात, फसलं तर कमी. त्यातही मेख आहे. ह्यू वोल्गामॉट आणि सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवलं की, आदर्श नियंत्रण धरलं तरी, एका दिशेच्या लाटांत कमावलेलं दुसऱ्या दिशेच्या लाटांत गमवावं लागतं.

समुद्राने हे गणित फारसं तपासू दिलेलं नाही. 2008 साली पोर्तुगालच्या आगुसादोरासमोर तीन ‘पेलामिस’ यंत्रं उभी राहिली, एकूण 2.25 मेगावॉटची; पण काही महिन्यांतच ती ओढून आणावी लागली. टिकली ती भिंतीतली रांग. स्पेनमधल्या मुत्रिकूच्या ब्रेकवॉटरमध्ये, म्हणजे लाटा अडवणाऱ्या भिंतीत, 2011पासून 16 पोकळ्या आहेत. लाट आत शिरली की वरची हवा दाबली जाते आणि टर्बाइन फिरतं. क्षमता 296 किलोवॉट. आपल्याकडे आयआयटी मद्रासने केरळात विळिंजमला 1991 साली असंच यंत्र चालवलं, 150 किलोवॉटचं. पण ते एकटंच.

कोकणात दांडग्या लाटा पावसाळ्यात येतात, त्याही बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून. दिशेचा तोटा इथे कमी. पण उरलेले महिने समुद्र निवांत. त्यामुळे भर समुद्रात बोयांची शेती करावी असं मी म्हणणार नाही. नवं ब्रेकवॉटर बांधणाऱ्यांनी मात्र त्यात पोकळ्या ठेवायचा हिशेब निविदा काढण्यापूर्वी करावा. भिंत एकदा उभी राहिली की तो करण्यात अर्थ नाही.