‘घाटाचा राजा’ आणि त्याचा वाटेकरी

मुंबई–पुणे सायकल-शर्यतीत बोरघाटाची चढण सर्वांआधी पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. विजेत्यासाठी मराठीत असा डौलदार शब्दप्रयोग रूढ झाला. परंतु दुसऱ्याच्या विजयासाठी झिजणाऱ्या स्वारास मात्र आपल्याकडे नाव नाही. ही उणीव केवळ शब्दकोशाची नसून या क्रीडेचा इतिहास पाहण्याच्या दृष्टीचीही आहे.

सायकल-शर्यतीतील संघाचे मूळ वाऱ्यात आहे. सपाटीवर पुढच्या स्वाराच्या आडोशाने चालणाऱ्याचे श्रम सुमारे एकतृतीयांशाने वाचू शकतात. चढणीवर वेग मंदावतो, आडोशाचा लाभ घटतो आणि ज्याच्या त्याच्या अंगबळाची परीक्षा होते. म्हणूनच राजा घाटात दिसतो. त्याला पायथ्यापर्यंत ताजातवाना आणून सोडणारे दिसत नाहीत.

1903 मध्ये ‘लोतो’ या फ्रेंच वृत्तपत्राने 60 स्वारांनिशी ‘तूर द फ्रान्स’ सुरू केली. संपादक आंरी देग्रांज यांना ही शर्यत एकेकट्याच्या पराक्रमाची हवी होती. 1911 मध्ये मोरिस ब्रोको हा फ्रांस्वा फाबेर याला साहाय्य करीत असल्याचे दिसताच देग्रांज यांनी त्याला ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी, म्हणून हिणविले. ब्रोकोने पुढचा टप्पा जिंकून उत्तर दिले. तरीही त्याला शर्यतीतून काढण्यात आले. पुढे ही शिवीच एका व्यवसायाचे नाव बनली.

1930 मध्ये राष्ट्रीय संघ आले आणि साहाय्यास मान्यता मिळाली. 1934 मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतो याने पिरेनीज पर्वतात नायक आंतोनँ मान्य याला आपले चाक काढून दिले, आणि दुसऱ्या दिवशी चढ उलटा चढून जाऊन आपली सायकलही दिली. मान्य विजयी झाला. व्हिएतो पाचवा आला. विशेष हे की, त्या वर्षीचा ‘घाटाचा राजा’ व्हिएतोच होता. राजा आणि गडी ही दोन माणसे नसून एकाच माणसाच्या दोन भूमिका असू शकतात, हे येथे स्पष्ट होते.

मग मराठी प्रतिशब्द कोणता? ‘घरगडी’ म्हणावे तर देग्रांज यांचा तिरस्कार आपल्या भाषेत येतो. ‘पाठीराखा’ म्हणावे तर दिशा चुकते; कारण हा स्वार पाठीशी नव्हे, पुढे राहून वारा झेलतो. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा जाळ्याचे दोर अनेक हात खेचतात आणि मासळीचे वाटे पडतात. ‘तूर’चा विजेताही बक्षिसाची रक्कम साथीदारांत वाटून देतो, हा जुना प्रघात आहे. तेव्हा त्या साथीदारास ‘वाटेकरी’ म्हणणे न्याय्य ठरेल. निकालपत्रकात त्याचे नाव खाली असेल. इतिहासात मात्र त्याचा वाटा नोंदविला गेला पाहिजे.