नागवेल, गुळवेल आणि बाटलीतली वेल

मागच्या बैठकीला आमच्या गटातली एक जण पिशवीभर वेल घेऊन आली. "गुळवेल आणली, काढा करू," म्हणाली. पाहतो तर मनी प्लांट! हसलो खरं, पण काढा उकळला असता तर हसण्यासारखं काही राहिलं नसतं. म्हणून आज या तीन वेलींची हकीकत सांगतो.

सगळ्यात जुनी ओळख नागवेलीची, म्हणजे खायच्या पानाची. आपल्याकडे रामटेकचे पानमळे नावाजलेले, आणि ते राखणारा समाज बारई. १९१६ साली रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ छापून आला. तेव्हा आपला भंडारा जिल्हाही मध्य प्रांतातच होता. गोंदिया त्यातून वेगळा झाला १९९९ साली. बारई लोक नागाला फार मानतात, नागपंचमी पाळतात, असं त्या ग्रंथात लिहिलं आहे. पानमळा म्हणजे देवघरच. पायात चप्पल नाही, आणि पुष्कळ ठिकाणी पाळीच्या बाईला आत पाऊल नाही. तिच्या सावलीने वेल सुकते म्हणे! वेल सुकते ती मुळाशी पाणी साचून कूज लागली की. हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून दोष बाईच्या माथी आला.

मनी प्लांटची गोष्ट निराळी. ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाची. १८८० साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तिला पहिलं नाव दिलं. पुढे ते बदलत गेलं, कारण वेलीचं कूळ ठरवायला फूल पाहावं लागतं आणि ही फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. फूल नाही म्हणून बीही नाही. आपल्या छपरीतली वेल कुणाच्या तरी तुकड्यापासूनच आलेली: नणंदेकडून भावजयीकडे, बाटलीतून बाटलीत. चोरून आणली तरच फळते असं म्हणतात. आम्ही मागून आणलेली आहे, चांगली आढ्याला टेकली!

आता ओळख. नागवेलीचं पान चुरगळलं की तिखट वास येतो, आणि देठाजवळूनच पाच-सात शिरा फाकतात. मनी प्लांटचं पान जाड, मेणासारखं चकचकीत, बहुधा पिवळे ठिपके, देठाला खाच, वास नाही. गुळवेलीचं पान पातळ, चकाकी नसलेलं. खोडाची साल कागदासारखी सुटते, आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. खोडावर गाठीच गाठी आणि कापल्यावर दुधासारखा चीक असेल तर ती गुळवेल नव्हे, तिची बहीण. ती घेऊ नका. कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वेलच दुसरी असावी. वाद तज्ज्ञांचा आहे, पण पोट आपलं. डॉक्टरला विचारल्याशिवाय काढा नको.

मनी प्लांटमध्ये सुईसारखे बारीक खडे असतात. चावलं की तोंडाची आग होते, जीभ सुजते. रांगतं लेकरू, शेळी, कुत्रं यांच्या तोंडापासून वेल उंच ठेवा. पोराने चावलीच तर तोंड धुवा, आणि सूज दिसली की दवाखाना गाठा.

निगा फार नाही. सावलीतला उजेड, आणि वरची माती सुकली की पाणी. पानं पिवळी पडली तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. बाटलीत लावली असेल तर मात्र दर आठवड्याला पाणी फेका आणि बाटली आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी काचेला चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. छाटलेले तुकडे तलावाच्या पाळीवर टाकू नका. श्रीलंकेत कँडीजवळच्या उडवत्तेकेले जंगलात हीच वेल माजून बसली आहे. आपले तलाव कोहळी पूर्वजांनी खोदले, ते वेलीच्या हवाली कशाला करायचे?

त्या दिवशीची पिशवी वाया गेली नाही. नुसत्या पानाला कोंब येत नाही, खोडाची गाठ लागते. गाठ असलेले नऊ तुकडे निघाले, नऊ जणींनी नेले. काढ्याला मात्र त्या दिवशी चहावरच भागवलं.