मत्स्यसाठ्याचे मूल्यमापन

समुद्रात एखाद्या जातीचे मासे किती आहेत, त्यांची वीण व वाढ कशी होते आणि मासेमारीत त्यांतले किती जातात, याचा शास्त्रीय अंदाज. प्रत्यक्ष मोजणी अशक्य असल्याने हा हिशेब मुख्यतः उतरलेल्या मासळीवरून मांडतात. भारतात हे काम प्रामुख्याने केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था (स्थापना १९४७, मुख्यालय कोची) करते. तिचे कर्मचारी ठरावीक दिवशी निवडक बंदरांवर काही होड्यांची मासळी मोजतात व त्यावरून राज्याचा आकडा काढतात.

पापलेटाची (सरंगा) लांबी बहुधा शेपटीच्या बेचक्यापर्यंत घेतात, कारण तिची लांब टोके हाताळणीत तुटतात. पोट चिरून गाबोळी कितपत पिकली तेही पाहतात. थंड समुद्रातील माशांचे वय कानातील खड्यांवरच्या वलयांवरून कळते. आपल्याकडे ही वलये बरेचदा अस्पष्ट असतात. म्हणून महिनोन्‌महिने लांबी नोंदवून लहान माशांचा गट कसा वाढत जातो ते पाहतात. त्यावरून वाढीचा वेग आणि एकूण मृत्युदर निघतो. या मृत्युदरात मासेमारीचा वाटा निम्म्याहून जास्त झाला, तर साठ्यावर ताण आहे असे मानतात. हा ठोकताळा सोयीचा खरा, पण ढोबळ.

भरलेली जाळी हा साठा चांगला असल्याचा पुरावा नव्हे. कॅनडातील न्यू फाउंडलंडच्या कॉड माशाबाबत हीच चूक महागात पडली. साठा घटत होता, तरी उरलेले मासे थव्याने एकत्र राहत आणि सुधारित यंत्रसामग्रीच्या ट्रॉलरना ते सहज सापडत. त्यामुळे १९८०च्या दशकातले अंदाज फुगलेले निघाले. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद झाली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटासाठी ती १३५ मिमी. आहे. मात्र बोंबील-जवळ्यासाठी प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात पापलेटाची पिल्लेही शिरतात आणि जाळे वर येईपर्यंत बहुतेक मेलेली असतात. त्यामुळे लांबीच्या नियमापेक्षा जाळ्याच्या आसाचे माप अधिक कामाचे. शिवाय दंडाच्या धास्तीने पिल्ले समुद्रातच टाकली गेली, तर ती बंदरावरच्या नोंदीत येत नाहीत आणि मृत्युदर प्रत्यक्षाहून कमी दिसतो.