चित्रकलेच्या मास्तरांची पदवी

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास बहुधा मधल्या सुट्टीनंतर येतो. परीक्षा तोंडावर आली की गणिताच्या बाई तो मागून घेतात आणि चित्रकलेचे सर मुकाट्याने देऊन टाकतात. अशा विषयात, म्हणजे चित्र काढण्यात नव्हे तर चित्रकला शिकवण्यात, एखाद्या मुलाने किंवा मुलीने पदव्युत्तर पदवी घ्यायची ठरवली तर घरचे गोंधळतात. चित्रकार व्हायचं आहे की मास्तर? आणि मास्तरच व्हायचं असेल तर विद्यापीठात आणखी दोन वर्षं कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर दीड शतकापेक्षा मागे जावं लागतं. त्यातला मोठा भाग आपल्याच मुलखात, आधी मुंबईत आणि मग वर्ध्याला घडलेला आहे.

सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली मुंबईत, एल्फिन्स्टनच्या इमारतीत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. तेच पुढचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे शिक्षक विलायतेहून आले आणि त्यांच्यामागोमाग लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची पद्धतही आली. ही पद्धत मोठी शिस्तीची. आधी छापील नमुन्यावरून बाह्यरेषा काढायची, मग भूमिती, मग छायाप्रकाश, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यावरून रेखाटन. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. कारखान्यांना आणि कारागिरीला नेमका हात हवा होता, तो ही पद्धत तयार करत होती. मुलाच्या मनात काय आहे हे विचारण्याची तिला गरज वाटली नाही.

१८७९ मध्ये चित्रकला हा शिकवण्याचा विषय झाला. मग शिकवणार कोण, हा प्रश्न आलाच. १८९३ साली जे. जे.मध्ये ड्रॉइंग शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. गावोगावचे 'ड्रॉइंग मास्तर' हे त्याचंच पीक. पुढे डी.टी.सी., ए.टी.डी., ए.एम. अशी प्रमाणपत्रं आणि पदविका आल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा तर घराघरांत पोहोचल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही नावं ऐकली की अनेकांना अजून बोटांना लागलेला पोस्टर कलर आठवेल.

या परीक्षांची टर उडवणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. मात्रा आणि गण पाठ असले म्हणजे कविता जमतेच असं नाही. पण वृत्त कानात बसलेल्या कवीला मुक्तछंदही जरा बरा साधतो, असा माझा अनुभव आहे. ज्या गावात रंगांचं दुकान नव्हतं तिथल्या मुलाला या परीक्षेने पेन्सिल धरायला शिकवलं. दोष आहे तो वेगळाच. शिकवणाऱ्याला काय माहीत असावं, तर परीक्षेत विचारतात तेवढं, अशी समजूत रूढ झाली. जे. जे. १९८१ साली मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं, चित्रकाराला पदवी मिळू लागली. शाळेतला चित्रकलाशिक्षक मात्र दीर्घकाळ पदविकेवरच राहिला.

उलट बाजूचा प्रश्न विचारला गेला तो वर्ध्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि आराखडा करण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. ते तेव्हा दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते. समितीच्या आराखड्यात हस्तोद्योग मध्यभागी होता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मातृभाषा, गणित, समाजशास्त्र आणि विज्ञान यांच्या रांगेत चित्रकलेलाही जागा होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

या जागेत जीव ओतला देवीप्रसाद यांनी. डेहराडूनचा हा तरुण शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला आणि १९४४ मध्ये सेवाग्रामला आला. पुढची अठरा वर्षं तो तिथल्या मुलांबरोबर होता. मुलांची चित्रं त्याने सुधारली नाहीत. ती पाहिली, जपून ठेवली, त्यांच्यावर विचार केला. त्यातूनच 'शिक्षा का वाहन : कला' हे त्यांचं हिंदी पुस्तक झालं. त्याचा इंग्रजी अवतार १९९८ मध्ये आला. चित्रकलाशिक्षकाने मुलाचं चित्र कसं पाहावं, यावरचा हा आपल्या मातीतला पहिल्या दर्जाचा अभ्यास आहे असं मला वाटतं. विदर्भात त्याची पारायणं व्हायला हवी होती.

साधारण त्याच काळात व्हिक्टर लोवेनफेल्ड हा ऑस्ट्रियन ज्यू शिक्षक अमेरिकेत हेच काम विद्यापीठाच्या पातळीवर नेत होता. व्हिएन्नात त्याने अंध मुलांकडून मातीची शिल्पं करून घेतली होती. १९३८ मध्ये नाझींमुळे देश सोडावा लागला. १९४६ पासून तो पेनसिल्व्हेनियाच्या राज्य विद्यापीठात होता, आणि १९४७ मध्ये त्याचा मुलांच्या चित्रविकासावरचा ग्रंथ आला. दोन वर्षांच्या मुलाच्या गिरगोट्यापासून त्याने पायऱ्या मांडल्या. नवव्या वर्षानंतर आपलं चित्र खऱ्यासारखं नाही हे मुलाला टोचू लागतं. बारा-तेराव्या वर्षी तो स्वतःचा कठोर परीक्षक होतो, आणि पुष्कळ मुलं तिथेच चित्र काढणं सोडतात. आपली एलिमेंटरी नेमकी याच वयात येते. ज्या वर्षी मुलाला धीर द्यायचा त्याच वर्षी आपण त्याला श्रेणी देतो. आता तर इंटरमिजिएटच्या श्रेणीचे गुण दहावीच्या निकालात मिळवले जातात, त्यामुळे क्लासवाल्यांचीही सोय झाली आहे.

पदव्युत्तर अभ्यासाचा विषय हाच आहे. जामियात १९५१ साली कलाशिक्षक घडवणारी संस्था सुरू झाली. झाकीरसाहेब तोवर अलिगढला गेले होते, पण वर्ध्याचा धागा तुटला नव्हता. आज तिथे कलाशिक्षण या विषयात एम.एफ.ए. करता येतं. अशा विद्यार्थ्याला कुंचला हाती धरावा लागतोच. शिवाय बालमानसशास्त्र, कलेचा इतिहास, मूल्यमापन यांचा अभ्यास करावा लागतो. सात वर्षांच्या मुलीने आईला घरापेक्षा उंच का काढलं, हे त्याला कळायला हवं. तिथे खोडरबर पुढे करायचा नसतो, हेही कळायला हवं.

एवढं शिकून तो शाळेत येतो तेव्हा काय होतं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी भाषेला, गणित-विज्ञानाला आणि सामाजिक शास्त्रांना किमान एकेक शिक्षक ठरवून दिला. शंभरहून अधिक मुलं असतील तर कलेसाठीही माणूस द्यायला सांगितला. पण कायद्यात त्याला शिक्षक म्हटलेलं नाही. तिथे शब्द आहे, अंशकालीन निदेशक.