केपच्या डोंगरझुडपातील पाखरे आणि आगीचे वेळापत्रक

दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला ‘प्रोटियाज’ म्हणतात, हे आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्या फुलावरून हे नाव आले, ते प्रोटियाचे फूल त्या देशाच्या नैर्ऋत्य टोकाकडील डोंगरउतारांवर, खडकाळ व निकस जमिनीत फुलते. बारीक, चिवट पानांच्या झुडपांनी भरलेल्या या प्रदेशाला तेथील आफ्रिकान्स भाषेत ‘फेनबोस’ म्हणजे ‘बारीक झुडूप’ असे नाव आहे. येथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या नेमके उलट. सुमारे ९० हजार चौरस किलोमीटरच्या केप पुष्पप्रदेशात वनस्पतींच्या सुमारे नऊ हजार जाती आढळतात आणि त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के जगात अन्यत्र कोठेही नाहीत. येथील संरक्षित क्षेत्रांचा युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

वनस्पतींची एवढी श्रीमंती असूनही या झुडपांचे असे खास पक्षी मोजकेच आहेत. केप शुगरबर्ड, नारिंगी छातीचा शिंजीर, केप रॉकजम्पर, व्हिक्टोरिनचा वटवट्या, केप सिस्किन आणि प्रोटिया कॅनरी हे सहा, आणि त्यांच्या जोडीला झुडपाच्या बुडाशी दडून राहणारा, लाव्यासारखा दिसणारा हॉटेन्टॉट बटनक्वेल. शुगरबर्डच्या नराची शेपटी त्याच्या अंगापेक्षा कितीतरी लांब असते. प्रोटियाचा मध हे त्याचे मुख्य अन्न असल्याने, इतर पक्षी वसंताची वाट पाहत असताना तो प्रोटियाच्या बहराच्या दिवसांत, ऐन हिवाळ्यात अंडी घालतो. शिंजीर एरिका कुळातील नळीसारख्या फुलांवर जगतो आणि मध पिता पिता परागीभवनही उरकतो. पक्षी गेले, तर काही झाडांना बीच धरणार नाही, इतके हे नाते घट्ट आहे.

या पक्ष्यांचे संरक्षण सोपे वाटावे, अशी एक गोष्ट आहे. केपच्या सखल भागातील झुडपे नांगराखाली आणि शहरांखाली गेली. डोंगरावरील फेनबोसचा मोठा भाग मात्र पाणलोट क्षेत्र व राखीव क्षेत्र म्हणून आधीपासूनच सुरक्षित आहे. तेथे ना शेती, ना वस्ती. तरीही पक्षी घटत असल्याचे दिसू लागले, तेव्हा अभ्यासकांपुढे खरे कोडे उभे राहिले.

ते लक्षात आले ते हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींमुळे. दक्षिण आफ्रिकेत पक्ष्यांच्या नकाशासंग्रहाचा पहिला प्रकल्प १९८७ ते १९९१ या काळात झाला आणि दुसरा २००७ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या प्रकल्पात देशाचे पाच मिनिटे अक्षांश व पाच मिनिटे रेखांशाचे चौकोन पाडण्यात आले. निरीक्षकाने एका चौकोनात किमान दोन तास कसून फिरायचे आणि दिसलेल्या व ऐकू आलेल्या प्रत्येक जातीची क्रमवार नोंद करायची, असा नियम आहे. काम वरकरणी रटाळ. पण दोन कालखंडांतील अशा हजारो याद्या शेजारी ठेवल्या, की कोणता पक्षी कोठून नाहीसा झाला ते उघड होते. डोंगरमाथ्यांकडे निरीक्षक फारसे फिरकत नसल्याने तेथील चित्र अपुरे होते. ॲलन ली आणि फीबी बर्नार्ड यांनी २०१२ पासून फेनबोसमध्ये ठिकठिकाणी प्रत्यक्ष गणना करून ही उणीव बरीच भरून काढली. कौगा पर्वतरांगेतील ब्लू हिल हे खासगी राखीव क्षेत्र या अभ्यासाचे एक केंद्र बनले.

रॉबिन मिल्न, सुसान कनिंगहॅम, ॲलन ली व बेन स्मिट यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. फेनबोसमध्ये राहणाऱ्या १२ जातींचे पक्षी पकडून, त्यांना २४ ते ४२ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ठेवून, त्यांच्या शरीरातून किती पाणी बाष्परूपाने निघून जाते, हे त्यांनी मोजले. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात; धापा टाकून व त्वचेवाटे पाणी गमावूनच ते अंग थंड ठेवतात. हे पाणी गमावणे सर्वांत कमी तापमानाला वाढू लागते, ते केप रॉकजम्परमध्ये. नकाशासंग्रहांशी ताडून पाहता, सर्वांत थंड भागांत राहणाऱ्या खास जातींचेच क्षेत्र अधिक, ३० टक्क्यांहून जास्त आक्रसल्याचे आढळले. रॉकजम्पर तर नेमका तेथेच घटला होता, जेथे तापमान लक्षणीय वाढले होते. मात्र बहुतेक जातींच्या बाबतीत शरीरावरील उष्णतेचा ताण हेच घटीचे थेट कारण असल्याचा निर्णायक पुरावा मिळत नाही, हेही या संशोधकांनी स्पष्टपणे नमूद केले. असा संयम हल्ली दुर्मीळच.

मग उष्णता पक्ष्याला गाठते कशी? उत्तराचा एक धागा क्रिस्टा ऑस्वाल्ड व सहकाऱ्यांच्या कामातून हाती आला. रॉकजम्पर खडकांवरून उड्या मारत किडे टिपतो आणि दगडाच्या किंवा गवताच्या झुबक्याच्या आडोशाला जमिनीवरच घरटे करतो. ऊन तापले की तो खडकांच्या सावलीला जातो आणि चारा शोधणे मंदावते. उष्ण दिवसांत पिलांचे वजनही नीट वाढत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याहून अनपेक्षित बाब पुढे आली. घरटी उद्ध्वस्त होण्यामागे मुख्यतः साप, त्यातही बूमस्लँग हा विषारी साप होता आणि तापमान वाढेल तसा सापांकडून घरटे लुटले जाण्याचा धोका वाढत होता. साप थंड रक्ताचा प्राणी. डोंगरावरचा गारवा हेच या घरट्यांचे कवच होते. पक्ष्याने आणखी वर सरकावे म्हटले, तर केपच्या डोंगरांतील सर्वांत उंच सेवेवीक्सपूर्ट शिखर २,३२५ मीटरवर संपते. कळसूबाईपेक्षा उंच खरे. पण त्यापुढे डोंगरच नाही.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष व्यवस्थापनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. गेल्या तीन वर्षांत जळून गेलेल्या उतारांवर रॉकजम्परची घरटी अधिक यशस्वी ठरली. वणवा म्हटला की आपल्यापुढे नासाडीचेच चित्र उभे राहते आणि सह्याद्रीत माणसाने लावलेल्या वणव्यांबाबत ते योग्यही आहे. फेनबोसची घडण मात्र आगीभोवती झालेली आहे. अनेक प्रोटिया आपले बी वर्षानुवर्षे बोंडांत बंद ठेवतात व झाड जळाल्यावरच ते मोकळे करतात. धुरातील द्रव्यांमुळे येथील बिया रुजतात, हे १९९० मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आले. प्रश्न आग हवी की नको हा नसून, ती किती वर्षांनी हवी, हा आहे. दोन आगींमधील अंतर फार कमी पडले, तर प्रोटियाची रोपे बी धरण्याआधीच जळतात आणि शुगरबर्डचे ताट रिकामे होते. म्हणून किमान निम्म्या झाडांना तीनदा फुले येऊन गेल्याखेरीज पुन्हा जाळू नये, असा ठोकताळा व्यवस्थापक पाळतात.

अडचण अशी, की सर्व पक्ष्यांचे वेळापत्रक एक नाही. रॉकजम्परला नुकताच जळालेला उघडा खडकाळ उतार हवा. बटनक्वेलला जळून काही वर्षे लोटलेले विरळ झुडूप मानवते. शुगरबर्ड आणि प्रोटिया कॅनरी यांना जुनी, उंच झालेली प्रोटियाची झाडी लागते. त्यामुळे सगळा डोंगर एकदम जाळणे किंवा सगळाच जपणे, दोन्ही चूक. वेगवेगळ्या वयाच्या तुकड्यांची गोधडी टिकवावी लागते आणि उन्हाळ्यातील बेफाम आगी ती गोधडी एका रात्रीत एकरंगी करून टाकतात.

परक्या झाडांनी या आगी अधिक भडकतात. लागवडीतून निसटलेले पाइन, ऑस्ट्रेलियातून आलेले हेकिया व बाभूळवर्गीय वृक्ष डोंगरावर पसरून झुडपांवर छाया धरतात, जळताना अधिक धग देतात आणि ओढ्यांचे पाणीही पितात. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्किंग फॉर वॉटर’ या सरकारी कार्यक्रमाने ही झाडे तोडण्याचे काम बेरोजगारांच्या हाती दिले. २०१८ मध्ये केपटाऊनचे नळ कोरडे पडण्याची वेळ आली, तेव्हा शहरातील अनेकांना या तोडणीचे महत्त्व प्रथमच उमगले. तोडलेल्या पाइनचे बी पुन्हा उगवत असल्याने त्याच उतारावर वारंवार जावे लागते आणि निधी मधेच आटला, तर आधीचे कामही वाया जाते.

निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत हॉटेन्टॉट बटनक्वेल संकटग्रस्त, तर रॉकजम्पर संकटसमीप वर्गात आहे. बटनक्वेल सहसा उडत नाही. त्याची गणना करण्यासाठी अभ्यासक ओळीने झुडपातून चालत जातात आणि पायांखालून उठलेला पक्षी मोजतात. रॉकजम्पर पाहण्यासाठी मात्र डोंगर चढण्याचीही गरज नाही. केपटाऊनच्या आग्नेयेस, डोंगर थेट समुद्रात उतरतो त्या रूई-एल्स येथे तो लाटांच्या जवळच्या खडकांवरही आढळतो आणि त्याच्यासाठी दूरदूरचे पक्षीनिरीक्षक तेथे येऊन थांबतात.